आधी पुढचं मडगार्ड

पावसाळा सुरू झाला की बाह्यरुग्ण विभागात तापाच्या रुग्णांची रांग वाढते. प्रत्येकाला विचारायचे माझे काही प्रश्न ठरलेले आहेत. साचलेल्या पाण्यातून चाललात का? शेतात, गोठ्यात, गटाराजवळ काम केलंत का? पायाला जखम आहे का? गेल्या काही वर्षांत या यादीत मी आणखी एक प्रश्न घातला आहे. सायकल चालवता का, आणि तिला मडगार्ड आहे का? नवे शिकाऊ डॉक्टर हा प्रश्न ऐकून हसतात. हा प्रश्न मला पुस्तकातून नाही, माझ्याच सायकलवरून सुचला.

पन्नाशी ओलांडल्यावर माझ्या कमरेच्या मणक्यातली चकती सरकली. साध्या सायकलवर वाकून बसलं की पाय मुंग्यांनी भरून जायचा, हाताची करंगळी बधिर व्हायची. म्हणून मी रिकम्बंट सायकल घेतली. आरामखुर्चीत रेलल्यासारखं बसायचं आणि पाय समोर ठेवून पेडल मारायचं. ही सायकल तशी नवी नाही. १९३३ साली पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोर याने अशाच सायकलवर तासाभरात ४५ किलोमीटरांहून जास्त अंतर कापून जुना विक्रम मोडला होता. पुढच्याच वर्षी जागतिक सायकल संघटनेने अशा सायकली शर्यतींतून बाद केल्या. आपल्याकडे त्या क्वचितच दिसतात. माझ्या कमरेला मात्र ती मानवली.

ती आली तेव्हा तिला मडगार्ड नव्हतं. विकणारा म्हणाला, "डॉक्टर, वजन वाढतं, दिसायलाही बरं दिसत नाही." मीही मान डोलावली. जुलैतल्या पहिल्याच दमदार सरीनंतर बाजाराच्या रस्त्याने घरी निघालो. पुढच्या चाकाने उडवलेलं पाणी डोळ्यांत, नाकात आणि धाप लागल्याने उघड्या असलेल्या तोंडात गेलं. त्या रस्त्यावर भाजीचा कचरा कुजत होता, गुरं बसली होती आणि शेजारचं गटार भरून वाहत होतं. दुसऱ्या दिवशी नेत्रविभागातल्या सहकाऱ्याने माझ्या बुबुळावरून वाळूचा कण काढला. तेव्हा कुठे मी बसून विचार केला.

चाक पुढे फिरत असताना त्याची मागची बाजू वर चढत असते आणि माथा पुढे धावत असतो. टायरला चिकटलेलं पाणी त्याच दिशेला सुटतं. ताशी २० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे साडेपाच मीटर. या वेगाने सरळ वर सुटलेला थेंब, हवेचा विरोध सोडला तर, दीड मीटर चढू शकतो. साध्या सायकलवर पुढच्या चाकाचं पाणी बहुतेक पायांवर आणि सांगाड्यावर अडतं, आणि मागच्या चाकाचं पाणी पाठीवर पट्टा ओढतं. म्हणून आपण फक्त मागचं मडगार्ड महत्त्वाचं मानतो. रेलून बसलेल्या माणसाचं तोंड मात्र जमिनीपासून मीटर-सव्वा मीटरवर असतं, आणि माझ्यासारख्या सायकलीत पुढचं चाक थेट गुडघ्यांखाली असतं. माथ्यावरून पुढे उडालेले थेंब हवेत मंदावतात आणि मागून येणारा आपला चेहरा त्यांच्यात शिरतो. म्हणजे इथे हिशेब उलटा आहे. आधी पुढचं मडगार्ड, मग मागचं.

आता त्या पाण्यात काय असतं ते पाहू. उंदीर, गुरं, कुत्री यांच्या लघवीतून लेप्टोस्पायरा हे जंतू बाहेर पडतात आणि ओल्या मातीत, साचलेल्या पाण्यात तग धरतात. जखम, ओरखडा, पाण्याने मऊ झालेली त्वचा, डोळे, नाक, तोंड या वाटांनी ते शरीरात शिरतात. २६ जुलै २००५च्या महापुरानंतर मुंबईत या रोगाने केलेला कहर अनेकांना आठवत असेल. बहुतेक रुग्णांना लागण होते ती पाण्यातून चालल्याने किंवा चिखलात काम केल्याने. माझ्या अमुक रुग्णाला चाकाच्या तुषारांनीच लागण झाली, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण जंतूंना हवी ती दारं तुषार उघडी गाठतात, एवढं खरं.

पोटाच्या बाबतीत तर पुरावा चांगला आहे. २००७मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात आणि २००८मध्ये वेल्समध्ये पावसात झालेल्या सायकल शर्यतींनंतर कितीतरी स्पर्धक जुलाबांनी आजारी पडले. कारण निघालं कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू. तपास करणाऱ्यांनी बोट ठेवलं ते शर्यतीत तोंडात गेलेल्या चिखलावर. तिथली कुरणं आणि आपला बाजाररस्ता यात फरक आहे, पण विष्ठा मिसळलेला चिखल दोन्हीकडे आहे.

मला जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. लेप्टोत अचानक ताप येतो, पोटऱ्या आणि कंबर विलक्षण दुखते, डोळे लाल होतात. सायकल चालवणाऱ्याला यातलं काहीच नवं वाटत नाही. पोटऱ्या दुखल्या तर चढ जास्त झाला, डोळे लाल झाले तर धूळ गेली. रोज तीसेक किलोमीटर सायकल चालवणारा एक तरुण याच समजुतीत चार दिवस वेदनाशामक गोळ्या घेत राहिला. आमच्याकडे आला तेव्हा डोळे पिवळे होते आणि लघवी कमी झाली होती. तो वाचला, पण डायलिसिसवर काही दिवस काढून. सुरुवातीलाच आला असता तर साध्या प्रतिजैविकांवर भागण्याची शक्यता मोठी होती. म्हणून पावसात भिजल्यानंतर दोन दिवसांपासून महिनाभरात कधीही ताप आला, तर अंगावर काढू नका. डॉक्टरांना सांगा की गढूळ पाणी अंगावर, डोळ्यांत उडालं होतं. प्रतिबंधक गोळ्या मात्र शेजाऱ्याच्या सल्ल्याने घेऊ नका.

मडगार्ड निवडताना आधी टायरच्या बाजूवर छापलेले आकडे वाचा. ४०-४०६ म्हणजे टायर ४० मिलिमीटर रुंद आणि तो ज्या कडेवर बसतो तिचा व्यास ४०६ मिलिमीटर. '२० इंची' या एकाच नावाखाली ४०६ आणि ४५१ अशी दोन मापं चालतात. एकाचं मडगार्ड दुसऱ्यावर नीट बसत नाही. दुकानात चाकच घेऊन जा. लहान मुलांच्या २० इंची सायकलीचं मडगार्ड कधीकधी छान बसतं आणि स्वस्तात काम होतं. मडगार्ड टायरपेक्षा किमान सेंटिमीटरभर रुंद असावं. पुढचं मडगार्ड माथ्याच्या पुढे वीतभर आणि मागे जमिनीच्या जवळपर्यंत यायला हवं. खाली जुन्या ट्यूबचा तुकडा झडपेसारखा लोंबता ठेवला की उरलेलं पाणीही अडतं. आपल्या काळ्या, दणकट सायकलींना हे सगळं होतं. ते आपण 'स्पोर्टी' दिसण्यासाठी काढून टाकलं.

सीटच्या दांड्याला चिमटीने अडकवायचं मागचं मडगार्ड इथे उपयोगाचं नाही, कारण रिकम्बंटला तसा दांडाच नसतो. मागचं मडगार्ड सांगाड्याला किंवा सामानाच्या कॅरिअरला बांधावं लागतं. पाठ जाळीची असेल तर ते टाळूच नका. पाणी जाळीतून थेट पाठीवर येतं.

बसवताना टायर आणि मडगार्ड यांत बोटभर फट ठेवा, नाहीतर चिखल साचून चाक जाम होतं. सायकलीला स्प्रिंग असेल तर ती पूर्ण दाबून फट तपासा. काटकी अडकून पुढचं मडगार्ड चाकात गुंडाळलं गेलं तर माणूस आपटतो. म्हणून ताण आला की आपोआप सुटणाऱ्या चापा पुढच्या तारांना मिळाल्यास त्याच लावा. मग हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा आणि पेडल सावकाश फिरवा. टाच मडगार्डला लागते का? रिकम्बंटची लांबलचक साखळी त्याला घासते का? शेवटी तारांची टोकं कापून त्यांवर टोपणं घाला आणि पत्र्याच्या कडेला रबर लावा. मांडीला ओरखडा पाडणारं मडगार्ड जंतूंना दारच उघडून देतं.

"ही तुमची हौस, डॉक्टर. आम्हाला काय त्याचं?" असं कोणी म्हणेल. पण जमिनीलगत, चाकांच्या शेजारी बसून प्रवास करणारे आणखीही लोक आहेत, आणि त्यांची ती हौस नाही. हाताने चालवायच्या तीनचाकीवरून येणारे दिव्यांग रुग्ण मी नेहमी पाहतो. मडगार्ड मोडलेलं असलं की कोपराशेजारचं चाक त्यांच्यावर सतत पाणी मारत असतं. मणक्याच्या इजेमुळे ज्यांच्या पायांत संवेदना नाही, त्यांना ओली जखम कळतही नाही. ती तीनचाकी दुरुस्तीला आली की ब्रेक बघतात, चाक बघतात. मडगार्ड कोणी बघत नाही. माझं म्हणणं एवढंच, की चार-चार महिने पाऊस पडणाऱ्या आपल्या मुलखात सायकल असो वा तीनचाकी, मडगार्ड ही जादा वस्तू समजूच नये. ते चाकाबरोबरच यावं आणि मोडलं तर ब्रेकइतक्याच तातडीने दुरुस्त व्हावं.

सरकारी रुग्णालयात खाट मिळेल, सलाईन मिळेल. बुडालेली मजुरी मात्र कोणी भरून देत नाही. त्यापुढे पत्र्याच्या त्या पट्टीची किंमत किरकोळ आहे. माझ्या सायकलीला आता दोन्ही मडगार्डं आहेत. ती थोडी खडखडतात आणि दिसायला बावळटच आहेत. पाऊस तोंडावर आला आहे, तुमच्या सायकलकडेही एकदा बघा.