घाट चढण्याआधी टायमिंग बेल्टची तारीख शोधा

गाडीमालक, चालक आणि गॅरेजच्या मिस्त्री बांधवांनो,

पाऊस तोंडावर आला आहे. तळोद्याहून धडगावकडे जाणारा चांदसैली घाट, अक्कलकुवा-मोलगी रस्त्यावरचा देवगोई आणि तोरणमाळचा सातपायरी पावसात कसे होतात, हे आपल्या जिल्ह्यात कोणाला सांगावे लागत नाही. २०२१ च्या सप्टेंबरात चांदसैलीत दरड कोसळून रस्ता बंद झाला. आजारी पत्नीला खांद्यावर घेऊन पती पायी निघाला, पण दवाखाना गाठण्याआधीच ती गेली. दरड आपल्या हातात नसते. गाडी सुस्थितीत ठेवणे मात्र आपल्याच हातात आहे. म्हणून कळकळीने सांगतो, येत्या पंधरा दिवसांत आपल्या गाडीचा टायमिंग बेल्ट शेवटचा कधी बदलला ते शोधा. नोंद सापडली नाही तर तो जुनाच आहे असे धरा आणि बदलून घ्या. काम मात्र योग्य हत्यारे असलेल्या मिस्त्रीकडूनच करून घ्या.

हा दातेरी रबरी पट्टा क्रँक आणि कॅम यांना जोडतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक फेरा होतो. इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर असेल तर कॅम सेकंदाला २५ वेळा फिरतो आणि प्रत्येक फेऱ्यात वॉल्व्ह ठरल्या क्षणी उघडून मिटावे लागतात. पट्टा तुटला की कॅम थांबतो, पिस्टन मात्र वर येतच राहतो. डिझेल इंजिनात वॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यात जागा जवळजवळ नसते. वॉल्व्ह वाकतात, कधी पिस्टन फुटतो, हेड उतरवावे लागते. बहुतेक वेळा आधी आवाज नाही, इशारा नाही.

खर्चाचे दुःख एक वेळ सोसता येते. माझी खरी भीती उताराची आहे. इंजिन बंद पडले की पॉवर स्टिअरिंग जड होते. ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम एक-दोनदा पेडल दाबेपर्यंतच टिकतो, त्यानंतर पेडल दगडासारखे लागते. माणसे भरलेली गाडी, ओला डांबरी रस्ता, पुढे वळण आणि फोनला रेंज नाही. असे झालेच तर पेडल पुन्हा पुन्हा सोडू नका. एकदाच पूर्ण जोर देऊन दाबून धरा, गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा, हँडब्रेक हळूहळू ओढा आणि किल्ली काढू नका, स्टिअरिंग लॉक होते.

प्रत्येक गाडीत पट्टा नसतो. स्विफ्ट-डिझायरच्या १.३ डिझेलमध्ये चेन आहे. पण जुनी मारुती ८०० आणि ओम्नी, २.५ डिझेलची जुनी इनोव्हा, १.५ डिझेलची डस्टर आणि लोगन यांत पट्टाच आहे. बदलण्याची मुदत इंजिनागणिक वेगळी असते, साधारण ६० हजारांपासून दीड लाख किलोमीटरपर्यंत, आणि सोबत वर्षांची अटही असते. किलोमीटर कमी झाले म्हणून निर्धास्त राहू नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि उभ्या गाडीतही रबर म्हातारे होते. बाहेरच्या जिल्ह्यातून किंवा सुरतकडून घेतलेल्या सेकंडहँड गाडीच्या मीटरवर तर अजिबात विसंबू नका.

आता हत्यारांविषयी, कारण खरी चूक इथेच होते. माझ्याच गाडीचा पट्टा एका गॅरेजमध्ये जुन्यावर पांढऱ्या रंगाच्या खुणा करून, त्या नव्यावर उतरवून बसवला होता. गाडी सुरू झाली, आवाज गोड होता, मी पैसे देऊन निघालो. काही आठवड्यांनी कोठार गाव सोडून चढाला लागलो तेव्हा तिने दम टाकला. खोलून पाहिले तर टायमिंग एक दात हललेले. क्रँकच्या पुलीला २० दात असतील तर एक दात म्हणजे १८ अंशांची चूक होते. मुले मागच्या सीटवर होती, हे मी विसरू शकत नाही.

ओम्नीसारख्या साध्या इंजिनात खुणा नीट जुळवल्या, गोटी पाना आणि टॉर्क पाना असला तर काम होते. डस्टरसारख्या इंजिनात कॅम आणि क्रँक जागच्या जागी धरणाऱ्या लॉकिंग पिना लागतातच. काही इंजिनांत पुलीला चावीच नसते, ती फक्त बोल्टच्या दाबाने धरून राहते. तिथे अंदाजाने आवळणे म्हणजे जिवाशी खेळ. काहींत बोल्ट एकदाच वापरायचा असतो. हायड्रॉलिक टेन्शनर व्हाइसमध्ये हळूहळू दाबून पिन घालावी लागते, हातोडीने नाही. स्क्रूड्रायव्हरने रेटून पट्टा चढवला की आतले धागे दुखावतात, बाहेरून काही दिसत नाही. टेन्शनर आणि आयडलर पट्ट्यासोबतच बदला. वॉटर पंप याच पट्ट्यावर चालत असेल तर तोही बदला. शेवटी स्टार्टर मारण्याआधी क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा पाहा. फिरवताना अडकले तर जोर लावू नका, खोलून परत जुळवा.

मिस्त्री बांधवांनो, आपल्या हाताच्या कसबावर मला शंका नाही. एकट्याला पिनांचा संच परवडत नसेल तर शहादा, तळोदा, नवापूर, अक्कलकुवा अशा प्रत्येक ठिकाणच्या गॅरेजवाल्यांनी वर्गणी काढून एक संच आणि एक चांगला टॉर्क पाना घ्यावा, आळीपाळीने वापरावा. आयटीआयच्या शिक्षकांनीही मुलांना हे काम खऱ्या इंजिनावर करू द्यावे. हत्यार नसेल त्या दिवशी "भाऊ, हे काम माझ्याकडे होणार नाही" असे सांगा. गाडीमालकांनी त्या शब्दाचा मान राखावा आणि दोन दिवस थांबावे.

काम झाले की बॉनेटच्या आतल्या बाजूला पट्टा बदलल्याची तारीख आणि किलोमीटर लिहून चिकटवा. उद्या गाडी विकली तरी घाट चढणाऱ्या पुढच्या माणसाला ते वाचता येईल.