मोळीचा हिशेब

शिरूर शहर घोड नदीच्या काठी आहे, तर दौंड भीमेच्या काठी. नद्यांच्या पाण्यावर या दोन्ही तालुक्यांत ऊस पिकतो. हंगामात बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजूर इकडे येतात. ते ऊस तोडतात, मोळ्या बांधतात आणि मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रकवर चढतात.

अन्नात रासायनिक ऊर्जा असते आणि वस्तू उंचावर नेली की तिच्यात स्थितिज ऊर्जा साठते, हे आपण विज्ञानात शिकतो. मजूर फळी चढतो तेव्हा भाकरीतील ऊर्जेचे असेच रूपांतर होते.

आता थोडा हिशेब करू. समजा, मजुराचे वजन ५० किलो, मोळीचे ४० किलो आणि चढण ३ मीटर आहे. ९० × ९.८ × ३ म्हणजे सुमारे २,६५० ज्यूल. दोन लहान चमचे, म्हणजे १० ग्रॅम साखरेत सुमारे १,६७,००० ज्यूल ऊर्जा असते. तिच्यातील फार तर चौथा हिस्सा स्नायू कामी लावतात. उरलेली उष्णतेच्या रूपाने निघून जाते. तरीही तेवढ्या ऊर्जेत सुमारे १६ वेळा चढता येईल. एवढी साखर तर आपण एका कप चहात घालतो!

मग कोणी म्हणेल, "यात कष्ट ते कसले?" माझ्या मते, असे म्हणणे अन्यायाचे आहे. मोळी घेऊन माणूस नुसता उभा राहिला, तर विज्ञानाच्या भाषेत मोळीवर झालेले कार्य शून्य असते. पण त्याची मान अवघडते, पाय थरथरतात. स्नायू ताठ ठेवायलाही ऊर्जा खर्च होते. फळीवर तोल सांभाळताना आणि खाली उतरतानाही ती लागतेच. शिवाय दिवसभराची तोडणी वेगळीच.

मजुरी मात्र टनावर मिळते. काट्यावर ऊस मोजला जातो, थकवा नाही. या कामात नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. माणसांना हत्याराच्या नावाने मोजणे योग्य आहे का?

मजुरीचा दर ठरवताना थकव्याचाही विचार व्हावा. मोळीच्या वजनाला मर्यादा असावी, फळी भक्कम असावी आणि मजुरांना विसावा मिळावा. उसाचे वजन काटा सांगतो. मेहनतीची कदर मात्र आपणच करायला हवी.