कोटा देशाचा, जगज्जेता घरी

ऑक्टोबर 2022 मध्ये कैरो येथील जागतिक स्पर्धेत ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने दहा मीटर एअर रायफलचे सुवर्णपदक पटकावले, तेव्हा तो अवघा 18 वर्षांचा होता. अभिनव बिंद्रानंतर या प्रकारातील तो दुसरा भारतीय जगज्जेता. याच कामगिरीने देशाला पॅरिस ऑलिंपिकची एक जागाही मिळाली. पॅरिसला मात्र तो गेला नाही. नेमबाजीतील हा कोटा खेळाडूच्या नव्हे, देशाच्या नावावर जमा होतो. निवड चाचण्यांतून संदीप सिंग आणि अर्जुन बबुता संघात आले. बबुताचे पदक थोडक्यात हुकले. तो चौथा आला.

नियमाला अन्यायकारक म्हणणे सोपे आहे. पण लक्ष्याचा मध्यबिंदू अर्ध्या मिलिमीटरचा असलेल्या या खेळात दोन वर्षांपूर्वीच्या यशापेक्षा आजचा नेम मोलाचा, हा युक्तिवाद सहजी खोडता येत नाही. खटकते ती लोकस्मृती. पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेने पन्नास मीटर रायफलमध्ये कांस्य जिंकले आणि कोल्हापूरने त्याला डोक्यावर घेतले. ते योग्यच झाले. जगज्जेतेपदाच्या वाट्याला ते भाग्य येत नाही. एप्रिल 2025 मध्ये ब्युनोस आयर्सच्या विश्वचषकात रुद्रांक्षने पुन्हा सुवर्ण जिंकले. तेव्हा इकडे आयपीएलचा हंगाम रंगात होता.