मॅनेजेबल म्हणजे कोणाला?

'मॅनेजेबल' हा शब्द आपल्याकडे इतका रुळलाय की त्याला मराठी शब्द शोधायच्या भानगडीत कोणी पडत नाही. जाहिरातीतले केस मॅनेजेबल, ऑफिसातलं काम मॅनेजेबल, घराच्या कर्जाचा हप्ता मॅनेजेबल... आणि डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणतात तेही तेच.

शब्द मूळचा तबेल्यातला बरं का! लॅटिनमध्ये 'मानुस' म्हणजे हात. त्यावरून इटालियनमध्ये 'मानेज्जारे', म्हणजे हाताळणे, विशेषतः घोड्याला शिकवून तयार करणे. सोळाव्या शतकात 'मॅनेज' इंग्रजीत आला तो घोड्यावर बसूनच. आपल्या 'हाताळणे'तही हातच आहे, ही एक गंमत.

आपण मात्र दर ठिकाणी वेगळा शब्द वापरतो. सामान आटोपशीर, किंमत आवाक्यातली, आग आटोक्यात. (निवडणुकीत उमेदवार 'मॅनेज झाला' म्हणजे काय झालं, ते सांगायला नकोच.) पण मला सगळ्यात आवडतो तो 'झेपणे'. कारण झेपतं ते कोणाला तरी झेपतं. 'मला झेपेल', 'तिला झेपत नाही'. माणूस सांगावाच लागतो. 'मॅनेजेबल' म्हटलं की तो माणूस खुशाल गाळता येतो.

आमच्या काकांना पार्किन्सन आहे. जेम्स पार्किन्सनने या आजारावर निबंध लिहिला १८१७ साली. लेव्होडोपा हे औषध रुग्णांच्या हाती यायला १९६० च्या दशकाची अखेर उजाडली. आजार अजूनही बरा होत नाही, लक्षणं मात्र पुष्कळ ताब्यात ठेवता येतात. तेव्हा डॉक्टर मॅनेजेबल म्हणाले ते खरंच आहे, त्यांच्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती तोच शब्द फोनवर एकमेकांना सांगून निश्चिंत होणाऱ्या आपल्याबद्दल. गोळीची वेळ चुकली की काकांचे पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात. जेवणातल्या प्रथिनांमुळे औषध नीट लागू पडत नाही, म्हणून गोळी आधी, वरण नंतर. शर्टाची बटणं कोणीतरी लावायची. रात्री कूस बदलायला कोणीतरी उठायचं. हे 'कोणीतरी' म्हणजे काकू, वय ७१, गुडघे दोन्ही दुखरे. त्यांना विचारलं तर म्हणतात, "चाललंय गं." त्यांना झेपतंय का, हे मात्र त्यांना कोणी विचारत नाही.

असो. घरची मंडळी हा ब्लॉग वाचतात म्हणून इथेच लिहिते. डिसेंबरचे पहिले दहा दिवस मी काकांकडे राहायला जातेय, काकू तेवढ्यात बहिणीकडे जाऊन येतील. जानेवारीत कोण जाणार ते आपसात ठरवा आणि मला फोन करा. काकूंना नको, त्या 'नको' म्हणतील.