फ्यूज शोधावा कोणी?

मोटारीतली फ्यूजची पेटी माणसाला सापडावी म्हणून बसवलेलीच नसते, असं माझं ठाम मत आहे. गाण्यांचा डबा, गार हवेच्या जाळ्या, गणपती, सगळं डोळ्यांसमोर. आणि ज्याच्यावाचून यातलं (गणपती सोडून) काहीच चालत नाही ती पेटी ड्रायव्हरच्या गुडघ्यापलीकडे, डॅशबोर्डच्या पोटात! दर्शन घ्यायचं तर शीर्षासन यायला हवं. तेही चाळिशीच्या चष्म्यानिशी.

बरं, दिसली तरी वाचता यायला हवी ना? झाकणाच्या आत नकाशा असतो. त्यात ‘आय.जी. १’, ‘ए.सी.सी.’, ‘एफ.आर. डब्ल्यू.आय.पी.’! मी कॉमर्सचा पदवीधर. ताळेबंद वाचतो, पण ही करणी वाचता येत नाही. आमच्या बँकेत पैसे भरायची साधी स्लिपसुद्धा मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तीन भाषांत ठेवावी लागते. रिझर्व्ह बँकेचा दंडकच आहे. पन्नास रुपये भरणाऱ्याला तीन भाषा, आणि लाखांची गाडी घेणाऱ्याला एकही धड नाही!

हे नुसतं गमतीचं नाही. मावळातला आषाढ ठाऊक आहे ना? कान्हे फाट्याजवळ, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, रात्री माझे वायपर थांबले. समोर ट्रक आहे की ढग, कळेना. सौ. टॉर्च धरून म्हणाली, “अहो, पुस्तक बघा की!” पुस्तकाचा सल्ला : विक्रेत्याकडे जा. तेवढ्यात एक सज्जन धावून आले. “साहेब, तार घालून देतो. परत जळायचं नाव नको!”

मी हातच जोडले. अहो, फ्यूज म्हणजे बँकेतला कारकून. वरून भार वाढला की आधी त्याने जळायचं, म्हणून शाखा शाबूत राहते. त्याच्या जागी न जळणारी तार बसवली, तर वायरिंग तापून सगळी गाडीच पेटायची!

एक रंगांचं तेवढं बरं आहे. लाल दहा अँपिअरचा, निळा पंधराचा, पिवळा विसाचा, हिरवा तिसाचा. किल्ली बंद केली, प्लास्टिकच्या चिमट्याने एकेक उपसून उजेडात धरला. चौथ्याच्या पोटातली पट्टी तुटलेली दिसली. त्याच रंगाचा, त्याच आकड्याचा घातला, वायपर फिरले.

‘पुढचा वायपर’ एवढे दोन शब्द छापायला कंपनीला शाई किती लागली असती? मी आता झाकणावर मराठी चिठ्ठी चिकटवली आहे. गोंद घरचा आहे, बँकेचा नाही. बँकेचा चिकटत नाही.