गाडी खाली करू का? नाही भो, आधी शॉकअप बघ



कपाशी विकून हातात चार पैसे आले आणि लग्नसराई जवळ आली की पोरांचे मेसेज सुरू होतात. "दादा, घरची जुनी स्विफ्ट आहे, लोअरिंग स्प्रिंगा टाकू का? बसकी गाडी भारी दिसते." शेतीच्या पेजवर गाडीचं काय काम, असं काही जण म्हणतील. पण आपल्याकडे जुनी कार नुसती कार नसते. सकाळी तीच डिकीत खताच्या गोण्या आणते, दुपारी वऱ्हाड नेते आणि रात्री-बेरात्री पेशंटला घेऊन जळगाव नाहीतर धुळं गाठते. म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो: खान्देशात जुनी गाडी खाली करू नका.

पोरं म्हणतात, आता फागणे ते तरसोद चौपदरी झाला, अडचण काय? अडचण हायवे सोडून फाट्यावर वळल्यावर आहे. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून हातभर भेगा पाडते. कृषीवाले मित्र हिला माँटमोरिलोनाइटची माती म्हणतात. जी माती विहिरीचं बांधकाम हलवते, ती वरचं डांबर सरळ ठेवेल का? त्यात गावोगावचे स्पीडब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने गोल ब्रेकर १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा, म्हणजे गाडी हळूच चढते-उतरते. आपल्याकडे उंची तेवढीच किंवा जास्त, रुंदी मात्र हातभर. जुन्या स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १७० मिमी, अल्टोचा १६०. त्यातले ४० मिमी तुम्हीच काढून टाकले, वर पाच माणसं बसवली, तर चेंबर लागणारच. चेंबर फुटून ऑइल गेलं आणि दिवा लागलेला न बघता गाडी तशीच पळवली, की इंजिन गेलं.

आता स्प्रिंगचं गणित, कारण "स्प्रिंग कडक असते, बसत नाही" असं दुकानदार सांगतो. समजा चाकाला वर जायला ७० मिमी जागा होती. गाडी ३५ मिमी खाली केली, जागा अर्धी राहिली. तोच खड्डा अर्ध्या जागेत पचवायचा तर स्प्रिंग दुप्पट नाही, चौपट कडक लागते. स्प्रिंग कापणारे काय करतात? सहा वेढ्यांतला एक उडवतात. त्याने कडकपणा वाढतो फक्त २० टक्के. उरलेला दणका रबरी स्टॉपरवर, तिथून बॉडीवर आणि तुमच्या कमरेवर. शिवाय कापलेली स्प्रिंग आखूड असते. मोठ्या खड्ड्यात चाक खाली लोंबलं की ती बैठकीतून सैल होते, परत नीट बसेल याची खात्री नाही. गॅसने तापवून बसवणं तर त्याहून वाईट, पोलादाचं पाणीच उतरतं. हे दोन्ही प्रकार कुठल्याही गाडीला करू नका, यात मतभेदाला जागा नाही.

बरं, जुनी गाडी डोलते, वळणावर झुकते, हे खरं आहे. पण रोग भलताच असतो. स्प्रिंग जुनी झाली की नरम पडत नाही, ती बसते, म्हणजे उंची कमी होते. डोलते ती शॉकअपमुळे, आणि खडखडते ती लोअर आर्मच्या बुश आणि बॉल जॉइंटमुळे. घरीच बघा. सपाट ओट्यावर गाडी रिकामी उभी करा, चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत टेपने चारही बाजू मोजा. डावी-उजवीत बोटभर फरक असेल तर स्प्रिंग बसलीय किंवा तुटलीय. मग एकेक कोपरा जोरात दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन थांबली तर ठीक. दोन-तीन झोके घेतले किंवा शॉकअपवर तेल ओघळलेलं दिसलं, तर तुमचे पैसे तिथे लावा. मापाच्या नव्या स्प्रिंगा आणि शॉकअप, दोन्ही जोडीनेच बदलायचे, एका बाजूला नवं आणि एका बाजूला जुनं नको.

वेढ्यांमध्ये रबरी बफर घुसवायचीही फॅशन आहे. रिकाम्या गाडीत उंच वाटतं, पण तेवढा वेढा काम करणं बंद करतो आणि ताण बाकीच्यांवर जातो. पिकअपला जादा पाटा टाकण्याचंही तसंच. भरल्या गाडीला तो पेलतो, पण अर्ध्या मालावर गाडी दणके देते, आणि ते केळीने खाल्ले की मार्केटला काळे डाग दिसतात. पाटे मालाच्या वजनाने ठरवा, बाजूच्या गाडीकडे बघून नको.

एक गोष्ट मेकॅनिकही विसरतात. खत. युरियाची गोणी ४५ किलो, अशा पाच म्हणजे सव्वादोन क्विंटल मागच्या स्प्रिंगांवर. त्यापेक्षा वाईट म्हणजे सांडलेलं पोटॅश. त्यातलं क्लोराइड ओल मिळाली की पत्रा खातं. केळीवाल्यांच्या जुन्या गाड्यांत डिकीचं कार्पेट उचला, शॉकअप वर जिथे बॉडीला बसतो ती वाटी स्क्रूड्रायव्हरने टोचा. भोक पडलं तर कडक स्प्रिंगचा विषय तिथेच संपला, आधी पत्र्याचं काम.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर, कलम १८२अ प्रमाणे कायद्यात न बसणारा बदल केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि १५ वर्षांनी नोंदणी नवी करायला एमएच-१९ असो की एमएच-१८, गाडी तपासणीला न्यावीच लागते. तिथे बसकी गाडी कौतुकाने बघत नाहीत.

एवढं सांगूनही कोणाचा जीव राहत नसेल, गाडी फक्त हायवेची असेल आणि घरात दुसरं वाहन असेल, तर निदान त्याच मॉडेलसाठी बनवलेला चार स्प्रिंगांचा सेट घ्या, २० मिमीच्या वर खाली जाऊ नका, शॉकअप त्याला जुळणारे टाका. उंची बदलली की चाकांचा कोन बदलतो, म्हणून लगेच अलाइनमेंट करा, नाहीतर टायर आतून कधी गुळगुळीत झाले ते कळणार नाही. पंधरा दिवसांनी स्प्रिंगा जागेवर बसल्या की परत एकदा. आणि हेडलाइटचा झोतही तपासून घ्या.