निकाह झाला, रुखसती बाकी आहे

पोटासाठी दर्या ओलांडणे पेण-रोह्याकडच्या आपल्या बांधवांना नवे नाही. एके काळी धरमतरहून बोटीने मुंबई गाठायची आणि तेथून पुढे आफ्रिका किंवा आखात. आता काही घरांतील मुले बापाने केलेल्या अर्जावर अमेरिकेला जाऊ पाहतात. अर्ज वर्षानुवर्षे पडून राहतो. मधल्या काळात मुलगा तिशीकडे झुकतो, चांगले स्थळ चालून येते आणि वडीलधारी मंडळी तोडगा काढतात: निकाह उरकून घेऊ, रुखसती व्हिसा मिळाल्यावर. व्हिसाच्या कागदावर मुलगा ‘अविवाहित’च राहतो.

हा तोडगा आम्हांला साफ नामंजूर आहे. दोन साक्षीदारांसमोर ईजाब-कुबूल झाले की निकाह झाला, रुखसती होवो वा न होवो. ज्या देशात लग्न लागले तेथील कायद्याने ते वैध असेल, तर अमेरिकाही साधारणपणे ते वैधच धरते.

आता नुकसानीचा हिशेब पाहा. बाप ग्रीन कार्डधारक असेल, तर एकवीस वर्षांवरील मुलाचा अर्ज तो अविवाहित असेपर्यंतच जिवंत राहतो. निकाह होताच तो आपोआप रद्द होतो. पुढे तलाक झाला तरी जुना अर्ज उठून उभा राहत नाही. आठ-नऊ वर्षांची रांग एका दुपारी वाया! बाप आधी अमेरिकेचा नागरिक झाला असेल, तर निकाहानंतर अर्ज विवाहित मुलांच्या वर्गात जातो; तेथील रांग कितीतरी लांब, पण अर्ज टिकतो. म्हणून बापाने नागरिकत्वाची शपथ घेईपर्यंत निकाह थांबवणे, किंवा मुलाने अविवाहित म्हणून तेथे पोहोचून मग निकाह करणे, हे दोनच सरळ मार्ग आम्हांला दिसतात.

लपवणाऱ्याचे काय होते? खोटी माहिती देऊन व्हिसा मागितल्याचे सिद्ध झाले, तर अमेरिकेचा दरवाजा सहसा जन्मभरासाठी बंद होतो. व्हिसा हातात पडला तरी विमानातून उतरून आत प्रवेश मिळेपर्यंत अविवाहितच असावे लागते. कॅनडातही अर्जात न दाखवलेल्या पत्नीला नंतर कुटुंब म्हणून बोलावता येत नाही, हा 2002 पासूनचा नियम. 2019 पासून काही प्रकरणांत तेवढी सवलत मिळाली.

या सगळ्यात मुलीचा विचार कोण करतो? ती माहेरी बसून राहते. जमातीत विवाहित, नवऱ्याच्या कागदावर मात्र नाहीच. दुकानाचा गाळा विकून किंवा कारखान्याची यंत्रे मोडीत काढून खर्च उभा करणाऱ्या सासऱ्यालाही याची कल्पना नसते. मुलीच्या बापाने हुंडा-मानपानाच्या आधी मुलाच्या अर्जाचा वर्ग विचारावा, असे आम्ही सुचवतो.

निकाह झालाच असेल, तर तो महाराष्ट्राच्या 1998 च्या कायद्यानुसार नोंदवून दाखला घ्यावा. गावात हे काम ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) असते. मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत मुलाखत होण्याआधीच हा बदल लेखी कळवावा आणि कळवल्याची पोच जपून ठेवावी. ‘कोण बघतो’ म्हणणाऱ्या एजंटाकडून हेच वाक्य कागदावर सहीनिशी मागून पाहा.